भांडारावरचं सील

१

सील शाबूत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कितीतरी दिवस आमच्या कचेरीत दुसरं कोणी काही बोलतच नव्हतं. शिशाची गोळी, तिच्यातून गेलेली पिळाची तार, गोळीवर आमच्या जकात खात्याचा ठसा आणि ठशाखाली सील लावणाऱ्या अधिकाऱ्याचा, म्हणजे आमच्या लंबूचा, नंबर. तार कुठे कातरलेली नव्हती, गोळी कुठे चेपलेली नव्हती. मी पक्कडीने तार तोडली, लोखंडी दार ओढलं, आणि आतून जो भपकारा आला त्याने मागच्या मागे भिंतीवर आदळलो.

ते जहाजाचं भांडार होतं, दारू आणि सिगारेटचं. खोली कसली, फडताळच. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी आणि मधे एका माणसाला अंग चोरून उभं राहता येईल एवढी वाट. त्या वाटेत एक पोरसवदा माणूस दाराकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. त्याची नखं फुटली होती. शेजारी पाण्याची रिकामी बाटली पडली होती. डॉक्टर आले, त्यांनी पापण्या वर करून पाहिल्या आणि गुदमरून मेला म्हणून सांगितलं. दाराला रबराची कड आहे, हवा पुरवून पुरवून वापरली असेल, सकाळ उजाडली तेव्हा हा जिवंत होता, असंही म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले.

दार उघडलं तेव्हा कॅप्टन माझ्या शेजारीच उभा होता. तो आत बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. मला ते तेव्हाच खटकलं.

आमच्या कामाची रीत थोडी सांगायला हवी. जहाज असो की विमान, आमच्या हद्दीत पाऊल टाकायच्या आत त्याने स्वतःच्या पोटात काय काय आहे ते लिहून द्यायचं. त्याला मॅनिफेस्ट म्हणतात. उतरवायचा माल, न उतरवता पुढे न्यायचा माल, खलाशी, त्यांच्या पेट्या, भांडारातल्या बाटल्या. जे नाही त्याचाही कागद द्यायचा: प्रवासी नाहीत, शस्त्रं नाहीत, लपून आलेलं कोणी नाही. लिहिलंय पण सापडलं नाही तर दंड, आणि सापडलं पण लिहिलं नाही तर त्याहून मोठा दंड. भांडाराला आमचा अधिकारी सील लावतो आणि जहाज बंदरात असेपर्यंत ते सील आमच्याशिवाय कोणी तोडायचं नाही. तोडलं तर जहाज जागच्या जागी खिळलं म्हणून समजा.

हा मेलेला माणूस कुठल्याच कागदावर नव्हता. 'लपून आलेलं कोणी नाही' या कागदावर मात्र कॅप्टनची झोकदार सही होती.

हे जहाज खरं तर त्या दिवशी पहाटेच सुटायचं होतं. ते अडवलं होतं आमच्या बाईंनी. आवक मालाच्या यादीत कापडाचे गठ्ठे जितके लिहिले होते, त्याहून एक गठ्ठा कमी धक्क्यावर मोजला गेला होता. आदल्या दिवशी कचेरी बंद होताना जहाजाचा एजंट दुरुस्तीचा अर्ज घेऊन आला आणि अक्षरशः हातापाया पडला. म्हणाला, गठ्ठ्याचा दंड आत्ता भरतो, पण जहाज पहाटे सुटू द्या. बाईंनी त्याच्याकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. दुरुस्तीचे अर्ज सकाळी अकराला बघते, एवढंच म्हणाल्या. बाईंना आमच्याकडे पाठीमागे 'चाळणी' म्हणतात. आम्ही दोघं गेली कित्येक वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर बसतो आणि त्यांच्यातून खडा खाली गेलेला मी पाहिलेला नाही.

मी धावतपळत येऊन सीलवरचा नंबर सांगितला तेव्हा मात्र बाईंच्या हातातली लाल पेन्सिल थांबली. लंबू त्यांचा भाचा, सख्ख्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा.

२

मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. त्यांच्या टेबलावर काच आहे आणि काचेखाली त्यांचेच फोटो आहेत, यावरून माणूस ओळखा. पोलिस येतीलच, पण त्यांना आपली रीत कळत नाही, आपण चौकशी करून देऊ तीच ते पुढे ढकलतील, असं त्यांचं म्हणणं. प्रश्न एकच होता. सील लावणाऱ्याला आत माणूस आहे हे माहीत होतं का? माहीत नसेल तर हलगर्जी, म्हणजे फार तर नोकरीवर बेतेल. माहीत असेल तर सरळ तुरुंग.

"चौकशी तुम्ही करा," साहेब बाईंना म्हणाले.

बाईंनी आठवण करून दिली की तो त्यांचा भाचा आहे.

"म्हणूनच तर."

याचा अर्थ मला बाहेर पडल्यावर कळला. बाईंनी सोडलं तर मावशीने सोडलं म्हणून दोघांची वाट लावता येईल. बाईंनीच अडकवलं तर साहेबांचे हात स्वच्छ. असल्या माणसाला देव अधिकार कसा देतो, मला समजत नाही.

कचेरीच्या फाटकाशी लंबूची आई, बाईंची ताई, उभी होती. तिला कोणी सांगितलं देव जाणे. आई वारली तेव्हा ताईने शाळा सोडून धुणीभांडी केली आणि बाईंना शिकवलं, हे बाईंनी स्वतः मला एकदा सांगितलं होतं. बाईंनी लग्न केलं नाही. लंबूला या नोकरीत त्यांनीच लावलं. मी दोन पावलं मागे राहिलो, पण कान काही झाकून घेता येत नाहीत.

"जे असेल ते बाहेर येईल, ताई," बाई म्हणाल्या.

"असेल ते नको मला. त्याला घरी आण."

बाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, ते ताईलाही कळलं नसावं. ती पदराने तोंड पुसत निघून गेली.

३

लंबूला आम्ही कचेरीतच बोलावलं. नाव त्याला घरच्यांनीच ठेवलेलं आणि ते अगदी चपखल होतं. आमच्या दारातूनसुद्धा तो सवयीने मान वाकवून येतो. बसल्या बसल्या म्हणाला, "मावशी, मी काही..."

"इथे मॅडम," बाई म्हणाल्या.

मग त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं. जहाज सकाळी धक्क्याला लागल्यावर तो वर गेला. भांडार उघडून पाहिलं, खोकी मोजली, यादीवर खुणा केल्या, दार लावलं आणि तिथल्या तिथे सील ठोकलं. आत चिटपाखरू नव्हतं. त्यानंतर त्याने त्या जहाजावर पाय ठेवला नाही. संध्याकाळी दोन खोकी सिगारेट काढायची म्हणून भांडार उघडून द्यायचा कॅप्टनचा अर्ज आला होता खरा, पण तोवर वेळ संपली होती, म्हणून तो सरळ घरी गेला. घाम पुसायला त्याने टोपी काढली आणि मांडीवर उलटी ठेवली. टोपी नवी कोरी, कडक होती. बिचाऱ्याची पाचावर धारण बसली होती आणि मला त्याची दया आली, हे कबूल करतो.

मग आम्ही जहाजावर गेलो. भांडाराचं दार एका अरुंद बोळात होतं, जिन्यावरून आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला. बोळाला ताज्या रंगाचा वास होता. जहाज धक्क्याला लागलं की खलाशांना रिकामं बसू द्यायचं नाही म्हणून रंगाचे डबे हातात देतात, हे सगळीकडे चालतं. करड्या दाराला पांढरा रंग दिला होता. बाईंनी विचारल्यावर रंगवणाऱ्या खलाशाने सांगितलं की दुपारी आमची झडतीची टोळी जहाज धुंडाळून गेली, त्यानंतर त्याने दार रंगवलं. सील खराब होऊ नये म्हणून त्यावर कागद गुंडाळला होता. आतून काही आवाज? नाही, तेव्हा काही नव्हता. रंग रात्री उशिरापर्यंत ओला होता.

दारावर एके ठिकाणी रंग उडाला होता. बाईंच्या डोक्याच्या बराच वर, मुठीएवढा वाकडा डाग, कडेला गोल आणि मधे वेटोळं, आणि त्याच्या वर आडवा एक बारीक ओरखडा. बाई चवड्यांवर उभ्या राहून तो बघत राहिल्या.

"कोणीतरी टेकलं असेल," खलाशी म्हणाला. "सांगितलं तरी टेकतातच."

कॅप्टन बुटका आणि गोल होता आणि प्रत्येक वाक्याच्या आधी घसा खाकरायचा. त्याने काही पाहिलं नव्हतं, काही ऐकलं नव्हतं, त्या माणसाला तो ओळखत नव्हता. भांडाराची किल्ली सांभाळणारा भांडारी त्याच्याहून ठेंगणा, एका पायाने अधू, आणि सारखा हात पुसत होता. तोही काही ओळखत नव्हता. एजंट आमच्याशी बोलताना बाईंच्या नजरेला नजर देत नव्हता. म्हणाला, कॅप्टनला पहाटे निघायची फार घाई होती, का ते मी विचारलं नाही. जिन्याच्या तोंडाशी पहारा देणाऱ्या खलाशाला बाईंनी विचारलं की संध्याकाळी बाहेरचं कोण आलं होतं. कोणी नाही, तो म्हणाला. तुम्ही टोपीवाले सोडून. टोपीवाले दिवसभर ये-जा करतच होते, त्यांना काय मोजायचं?

म्हणजे कोणी मारलं नव्हतं, कोणी कोंडलं नव्हतं, आणि बंद दाराआड माणूस आपोआप उगवला होता. मी वैतागून बाईंना म्हणालो की आता हे प्रकरण लंबूच्याच गळ्यात पडणार. निघता निघता त्यांनी कॅप्टनला अगदी सहज विचारलं की लंबूची पिशवी कुठे होती.

"कुठली पिशवी?"

"सील ठोकायचा चिमटा असतो ती."

"ती माझ्या केबिनमध्ये होती की," कॅप्टन म्हणाला. "आल्या आल्या त्याने टेबलावर ठेवली. सह्या झाल्या, चहा झाला, मग पिशवी घेऊन तो सील लावायला गेला."

बाई परत खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "भांडाऱ्याला बोलवा."

४

गंमत अशी की हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आमच्यातला एकही अधिकारी बघितल्याबरोबर सील लावत नाही. चिमटा जड असतो, बोळ अरुंद असतात, म्हणून पिशवी कॅप्टनच्या टेबलावर ठेवायची, नुसती यादी घेऊन भांडार बघायचं, परत केबिनमध्ये येऊन चहा प्यायचा, सह्या घ्यायच्या आणि जाताजाता दाराला सील ठोकायचं. दुसऱ्यांदा आत कोण डोकावतो? आत्ताच तर पाहिलेलं असतं. मीही वर्षानुवर्षं असंच केलं आहे. फक्त कागदावर सगळे 'तिथल्या तिथे' असं लिहितात, आणि लंबूनेही तेच म्हटलं.

बाईंनी भांडाऱ्याला उभाच ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, झडतीची टोळी अख्खं जहाज उचकटते, पण एका दाराला हात लावत नाही. कुठल्या?

भांडाऱ्याने कॅप्टनकडे पाहिलं.

"ज्याला आमचंच सील आहे त्या," बाई म्हणाल्या. "चहा चालू असताना तू त्याला आत बसवलंस. बाटली कोणी दिली?"

"मी दिली," भांडारी म्हणाला, आणि तिथेच रडायला लागला.

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. पोरगा मागच्या बंदरात दोरखंडांच्या खोलीत लपून चढला होता. समुद्रात सापडला. त्याला कागदावर दाखवला तर त्याला कोणी परत न्यायला तयार होईपर्यंत जहाज अडकणार, म्हणून तो दाखवायचाच नाही असं कॅप्टनने ठरवलं. भांडारात बसवायची अक्कल त्याचीच. टोळी गेल्यावर संध्याकाळी सिगारेटच्या निमित्ताने अर्ज करायचा. अधिकारी येणार, सील तोडणार, सह्यांसाठी केबिनमध्ये चहाला बसणार, तेवढ्यात पोरगा बाहेर. ज्या फटीतून आत गेला त्याच फटीतून काढायचा. हसू येण्यासारखीच युक्ती होती, नाही असं नाही.

"पण अधिकारी आलाच नाही," भांडारी म्हणाला. "मी त्याला बजावलं होतं, काही झालं तरी ठोकायचं नाही. अंधार पडायच्या सुमाराला तो ठोकायला लागला."

"मग?"

"मी रेडिओ मोठा केला."

बाईंनी कॅप्टनला विचारलं की सील का तोडलं नाही. तो खाकरला. सील तोडलं असतं तर त्याचा परवाना गेला असता. शिवाय बंदराची हद्द ओलांडली की ते सील जहाजवाल्यांनीच तोडायचं असतं, तशी रीतच आहे, आणि एजंट काहीतरी करून जहाज पहाटे सोडवून घेईल असं त्याने धरलं होतं. मग सकाळी त्याने पुन्हा अर्ज केला, म्हणून सील तोडायला मी गेलो. एजंट जमिनीकडे बघत होता.

पोलिसांनी कॅप्टनला आणि भांडाऱ्याला नेलं. लंबूवर फक्त हलगर्जीचा ठपका आला: सील लावण्याआधी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. मी सुटकेचा निःश्वास सोडला. बाईसुद्धा धक्क्यावरून चालताना जरा सैल वाटल्या. त्यांनी मला विचारलं, ताईकडे जेवायला येता का, तिने बोलावलंय.

५

ताईचं घर म्हणजे दोन खोल्या, पण लख्ख. ताईने मला बळेबळे वाढलं आणि बाईंना तर तिने लहान मुलीसारखं जवळ बसवून घेतलं. लंबू घरात नव्हता, मित्रांबरोबर गेला होता. जाऊ दे, ताई म्हणाली, चार दिवस पोटात अन्न नव्हतं त्याच्या. तिच्या मनावरचं ओझं उतरलं होतं आणि ती बोलत सुटली होती. बोलता बोलता ती नोकरीच्या कपड्यांवर आली. खात्याने आता नवीन टोपीचे पैसे कापून घेऊ नयेत, एवढं बघ म्हणाली.

"जुनीला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"अगं, रंग लावून आला ना. पांढरा. ज्या दिवशी ते जहाज आलं त्याच दिवशी. रॉकेलने घासून घासून माझी बोटं सोलली, पण टोपीची कड काही निघेना." ताई हसली. "आणि कानसुद्धा. एवढा घोडा झालाय, पण खाली बसवून लहानपणी पुसायची तसा कान पुसून दिला मी. गप्प बसून होता. जेवलाही नाही त्या रात्री."

मी हातातला घास ताटात ठेवला. सकाळी लंबू वर गेला तेव्हा दार करडं होतं. रंग दुपारी लागला.

बाईंनी ताटातलं सगळं संपवलं. पाणी प्यायल्या. मग विचारलं, "कुठला कान, ताई?"

"उजवा. का गं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. मला वाटतं, बाई एवढं एकच खोटं बोलल्या असतील आयुष्यात.

रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो की बाई, हे आपल्या दोघांतच राहील. कोणी विचारणार नाही. प्रकरण मिटलंय, पोलिस खूश आहेत, साहेब खूश आहेत. तुमच्या बहिणीने तुमच्यासाठी काय काय केलं ते तुम्हीच मला सांगितलंय. मी खूप बोललो. बाई बराच वेळ चालत राहिल्या.

"तो आतून ठोकत होता," शेवटी एवढंच म्हणाल्या.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई लंबूला घेऊन जहाजावर गेल्या. मला म्हणाल्या, तुम्ही साक्षीदार. लंबूला काही सांगितलं नव्हतं. एक शेवटची खूण तपासायची आहे, असंच तो समजून चालला होता. बोळात शिरताना त्याने मान वाकवली.

"दारापाशी उभा राहा," बाई म्हणाल्या. "उजवा कान लाव दाराला."

त्याने डागाकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तरी त्याने कान लावला, जसा बाई सांगतील तसा. आता तो डाग म्हणजे काय ते आंधळ्यालाही दिसलं असतं. कानाची पाळी, वेटोळं, सगळं जिथल्या तिथे. वरचा ओरखडा टोपीच्या कडेचा.

"तू अर्ज घेऊन आला होतास," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी. कॅप्टनकडे जायच्या आधी हे दार लागतं."

लंबू दारापासून हलला नाही. म्हणाला की आधी त्याला वाटलं पंप चालू आहे. मग कळलं की कोणीतरी ठोकतंय. थांबतंय आणि ठोकतंय. म्हणून कान लावला.

"काही बोलला तो?"

"त्याची भाषा मला येत नाही."

मग लंबूने सांगितलं. दार उघडलं असतं तर माझ्याच सीलखाली माणूस निघाला असता. पाहिलं म्हणून मी लिहून दिलं होतं. नोकरी गेली असती. आणि तू लावलेली नोकरी, मावशी, तुझी मान खाली गेली असती. मी विचार केला की जहाज पहाटे सुटतंय, बाहेर गेल्यावर तेच सील तोडतील, तो बाहेर येईल, त्यांचा माणूस त्यांच्यापाशी. एका रात्रीचा तर प्रश्न होता. आपल्या कुठल्याच यादीत तो नव्हता.

या वेळी बाईंनी त्याला मॅडम म्हणायला सांगितलं नाही.

"मी मरायला नव्हतं सोडलं त्याला," लंबू म्हणाला. तो आता बाईंकडे सरळ बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मला बघवेना. "पहाटे सुटणार होतं ते जहाज. सकाळपर्यंत तो जिवंत होता, डॉक्टरच म्हणाले. जहाज मी नाही अडवलं, मावशी. तू अडवलंस."

खाली कुठेतरी खरोखरीचा पंप चालू होता.

"गठ्ठा कमी होता," बाई म्हणाल्या.

लंबूला पोलिसांनी नेलं. साक्षीदारांत पहिलं नाव ताईचं घालावं लागलं, कारण टोपी आणि कान तिनेच धुतला होता. बाईंनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं. ताई जबाब द्यायला आली तेव्हा तिने जे होतं ते सगळं सांगितलं, एक शब्द फिरवला नाही. मग बाहेर बाकावर बसलेल्या बाईंपाशी थांबली.

"मी कान पुसला म्हणून सापडला ना तो?" तिने विचारलं.

बाई हो म्हणाल्या.

"तुला शिकवलं, तेच चुकलं माझं," ताई म्हणाली आणि गेली. तेव्हापासून ती बाईंना दारात उभं करत नाही.

अजून एक गोष्ट राहिली. जहाज सोडायच्या आधी धक्क्यावरच्या मुकादमाने कापडाचे गठ्ठे नियमाप्रमाणे पुन्हा मोजले. मोजून झाल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला की एक गठ्ठा दुसऱ्या जहाजाच्या थप्पीत जाऊन बसला होता, आमच्याच माणसांनी रचला होता. जहाजाची यादी पहिल्यापासून बरोबर होती.

मी टेबलाशी येऊन बसलो. बाईंनी मान वर न करता विचारलं, मोजले का. मी हो म्हणालो. किती? मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या स्वतः जाऊन मोजून आल्या असत्या, म्हणून मी आकडा सांगितला.

बाईंनी लाल पेन्सिल खाली ठेवली. थोड्या वेळाने त्यांनी चौकशीचा अहवाल पुढे ओढला. शेवटच्या पानावर जबाबदार व्यक्तींची यादी होती: कॅप्टन, भांडारी, सील लावणारा अधिकारी. बाईंनी त्याखाली चौथं नाव लिहिलं, स्वतःचं, हुद्द्यासकट, आणि अहवाल घेऊन साहेबांकडे गेल्या. मीही मागोमाग गेलो.

साहेबांनी वाचलं आणि ते हसले. "हे काय? तुमचा काय संबंध? तुम्ही तर नियमाप्रमाणेच काम केलंत." त्यांनी पट्टी घेतली, चौथ्या नावावर सरळ रेघ मारली आणि बाजूला सही केली. अहवाल फार चोख झालाय, म्हणाले, बढतीसाठी शिफारस करतो.

बाई उभ्याच होत्या. त्यांनी अहवाल उचलला, रेघेखालचं स्वतःचं नाव एकदा वाचलं आणि पान उलटून घेतलं.

आम्ही खाली आलो तेव्हा दुसऱ्या एका जहाजाचा एजंट बाईंच्या टेबलाशी कागद घेऊन उभा होता. माल, खलाशी, पेट्या, बाटल्या. सगळ्यात वर कोरा करकरीत कागद होता, लपून आलेलं कोणी नाही असा, खाली सही केलेला. बाईंनी पेन्सिल उचलली आणि त्याला बसायला सांगितलं.